बोके यांनी म्हटल्याप्रमाणे

साधं खोटं दोन-चार दिवसांत मरतं. माझं एक खोटं बावीस वर्षं जगलं. नुसतं जगलं नाही, शिकलं-सवरलं, हॉस्पिटलात मानाने नांदलं, आणि शेवटी माझ्याच भाचीच्या पदरात येऊन पडलं.

माझं दुकान नर्सिंग कॉलेजच्या फाटकाला चिकटून आहे. टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग. समोर हॉस्पिटल, मागे लायब्ररी, मधे मी. या कॉलेजात जो कुणी प्रबंध लिहितो, त्याची अक्षरं माझ्या बोटांखालून जातात आणि पानं माझ्या सुईदोऱ्यातून. सगळे मला मामा म्हणतात. सख्खा मामा मी एकीचाच, बाकीच्यांना अधूनमधून मामा बनवतो, एवढंच. आभाराच्या पानात ‘खोलीतल्या पंख्याचे विशेष आभार’ अशी ओळ घुसडून द्यायची आणि कुणाच्या लक्षात येतं का ते बघत बसायचं, हा आपला जुना उद्योग. कुणाच्या येत नाही. आभाराचं पान आणि संदर्भांची यादी, ही दोन पानं माणसं नुसती उलटतात.

ती सख्खी भाची म्हणजे चौकशी. नाव वेगळं आहे, पण बोलायला लागल्यापासून घरात तिला हेच म्हणतात. चार वर्षांची असताना मी तिला सांगितलं, चंद्र आपल्या मागेमागे घरापर्यंत येतो. तर म्हणाली, तुला कुणी सांगितलं? ताई आजही पाहुण्यांना हे ऐकवते. पोरगी नर्स झाली, तीन वर्षं वॉर्डात राबली, आणि मग पुढच्या पदवीचा प्रबंध लिहायला बसली. विषय असा, की वॉर्डात खाट कुठे आहे त्यावर रुग्णाची झोप किती अवलंबून असते. गुरुवारी तोंडी परीक्षा होती. पास झाली तर कॉलेजात शिकवायची जागा तिची. प्रबंध परत आला तर सहा महिने थांबा, आणि जागा काही कुणासाठी थांबत नाही.

सोमवारी दुपारी ती दुकानात आली. दुपारी आमच्या गल्लीवर एक झापड असते. हॉस्पिटलातली भेटीची वेळ संपलेली, कॉलेजात वर्ग भरलेले, झेरॉक्सचं मशीन गरम होऊन एका सुरात घुमत असतं. उन्हाची एक पट्टी टेबलावरून माझ्या हाताकडे सरकत येते, तिच्यात कागदाचे कण तरंगत असतात. मी निम्मा जागा, निम्मा कुठेतरी. अशा वेळी तिने त्या उन्हाच्या पट्टीत एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर नुसता आकडा. सतरा.

परीक्षेला बाहेरून मोठ्या बाई येणार होत्या, हे मला माहीत होतं. त्यांची पद्धतही ऐकून होतो. तुमच्या यादीतला एक संदर्भ त्या निवडतात, आकडा चिठ्ठीवर लिहून तीन दिवस आधी पाठवतात, आणि निरोप असतो की मूळ घेऊन या. पुस्तक असो, लेख असो, त्याची प्रत असो. ज्याने लिहिलं त्याचंच हवं, दुसऱ्याने सांगितलेलं नको. आणलं नाही तर प्रबंध परत. या चिठ्ठीच्या धाकाने मुलींचं जेवण सुटतं.

“सतरा म्हणजे काय?” मी विचारलं.

“खि. ऊ. बोके. ‘खिडकी आणि झोप’, पान एक्केचाळीस.” ती म्हणाली. “खिडकीजवळच्या खाटेवरचा रुग्ण तासभर जास्त झोपतो, असं आहे त्यात. मामा, मी ते पुस्तक कधी बघितलेलंच नाही. एका सिनियरच्या प्रबंधातून उचललं. सगळ्यांनीच दिलंय, म्हणून मीही दिलं. आणि आता ते कुठेच मिळत नाही.”

कुठून मिळणार? बोके म्हणजे बोका होता.

बावीस वर्षांपूर्वी लायब्ररीत एक भला थोरला पिवळा बोका राहायचा. दुपारी कार्डांच्या कपाटावर, खिडकीखाली, उन्हात पसरलेला. आम्ही त्याला बोकेसाहेब म्हणायचो. त्या वर्षी एक हडकुळी, खिदळणारी मुलगी माझ्याकडे प्रबंध टाईप करायला देऊन गेली. तिच्या गाईडचा हट्ट होता, संदर्भ पन्नास पाहिजेत. वाचायचा नाही, पेन्सिलीचं टोक टेकवत मोजायचा फक्त. मुलीचे भरले एकोणपन्नास. ती वॉर्डात ड्युटीवर, प्रबंध संध्याकाळी द्यायचा, आणि मी रिकामा बसलेला. म्हटलं, होऊन जाऊ दे. खिडकी आणि ऊन, म्हणून खि. ऊ. बोके. पुस्तिकेचं नाव सुचलं, पान सुचलं, आणि प्रबंधात एक वाक्य टाकलं त्याला टेकू म्हणून. ‘बोके यांनी म्हटल्याप्रमाणे, खिडकीजवळ झोपणारे चाळीस मिनिटे जास्त झोपतात.’ वाटलं होतं, ती बघेल, खो खो हसेल, मी पान बदलून देईन. तिने बघितलंच नाही. गाईडने पन्नास मोजले आणि सही केली. मुलगी पास होऊन गेली ती गेलीच. मी आठवडाभर मनातल्या मनात हसलो आणि विसरून गेलो. पुढेही बोके माझ्या बोटांखालून गेलेच असणार, पण याद्या टाईप करताना बोटं चालतात, मी वाचत नाही.

आता हे चौकशीला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण माझं डोकं सरळ रस्त्याने कधी गेलंय? मी म्हटलं, “जुनी पुस्तिका आहे ती. मी कुठेतरी बघितल्यासारखी वाटते. बुधवारपर्यंत दे मला.”

तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. ते बघून आणखीच चेव आला.

मंगळवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून मी बोकेसाहेबांचं समग्र वाङ्मय लिहायला घेतलं. जुन्या वह्यांमधून काढलेले कोरे, पिवळे पडलेले कागद माझ्याकडे गठ्ठ्याने आहेत. बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेले शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, तेही आहेत, एका डब्यात. चौसष्ट पानांची पुस्तिका, त्यात एक्केचाळिसावं पान नीट जुळवायचं, बाकीच्या पानांवर झोपेबद्दल गोड गोड काहीबाही. ‘झोप ही पाण्यासारखी असते, ती उताराकडे जाते.’ ‘उशीला कान असतात.’ हात चालत होते. मशीन घुमत होतं. ऊन सरकत सरकत मनगटावर आलं, आणि कधी डोळा लागला कळलंच नाही.

स्वप्नात एक वॉर्ड होता, लांबच लांब, दोन्ही बाजूंना खाटा आणि प्रत्येक खाटेला आपली एक खिडकी. भिंत अशी नव्हतीच, नुसत्या खिडक्या. त्या खाटांमधून बोकेसाहेब चालले होते, पांढरा डगला घातलेला, शेपटीला घड्याळ बांधलेलं. प्रत्येक खाटेशी थांबायचे, रुग्णाच्या तोंडाजवळ मिशा नेऊन श्वास मोजायचे, पुढे सरकायचे. कुणी झोपलेलं नव्हतं. सगळे उताणे, डोळे उघडे, चेहऱ्यावर ऊन. मी म्हटलं, साहेब, हे झोपत का नाहीत? बोकेसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते पुढे सरकले. बोका स्वप्नातही बोलत नाही. शेवटच्या खाटेवरचा म्हातारा तेवढा बोलला. हलकेच विचारलं त्याने, जसं कुणी किती वाजले विचारावं, “तुला कुणी सांगितलं?”

जाग आली तेव्हा गालावर शिशाचं एक अक्षर उमटलं होतं.

बुधवारी पुस्तिका शिवून झाली. अशी झकास जमली की मलाच तिचा वास घेत राहावंसं वाटलं. बेत असा, की लायब्ररीत जायचं, मागच्या कपाटात ती खुपसायची, आणि चौकशीला हाक मारायची, ही बघ, सापडली. पुस्तिका शर्टाच्या आत, पोटाशी धरून मी जिना उतरलो.

आमची लायब्ररी तळघरात आहे. वर छताला लागून एकच लांब खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसतात. बूट, चपला, एखादं चाक. आत गारवा, जुन्या पुठ्ठ्याचा वास, आणि ग्रंथपाल, ज्यांना आम्ही शांतताकाका म्हणतो, कारण आयुष्यात त्यांनी दुसरा शब्द फारसा वापरलेला नाही. त्या दिवशी तेही खुर्चीत डुलकी घेत होते. आणि मधल्या फरशीवर, दोन कपाटांच्या मधे, चौकशी मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर नऊ प्रबंध एका ओळीत, उघडे, जिन्यापासून पार कोपऱ्यापर्यंत. नऊच्या नऊ माझ्या हातचे शिवलेले.

“बस,” ती म्हणाली. “मी बोक्यांच्या मागे मागे चाललेय.”

मी बसलो. पुस्तिका पोटात टोचत होती.

नदीच्या काठाने उगमाकडे चालावं तसं तिने मला नेलं. आपण गुडघ्यांवर सरकतोय, एका प्रबंधावरून मागच्या प्रबंधावर, आणि प्रत्येक पायरीला वर्षं कमी होतायत. सगळ्यात अलीकडच्यात लिहिलं होतं, अनेक संशोधनांनी सिद्ध झालंय की तासभर जास्त. खाली संदर्भ, बोके. मागच्यात, जवळजवळ तास. त्याच्या मागे, पाऊण तास, आणि तिथे लेखक होते ‘बोके व सहकारी’. सहकारी कुठून मिळाले, देव जाणे. पत्र्यावरचे बोके असतील. त्याच्याही मागे, सुमारे चाळीस मिनिटं. प्रत्येकाने आधीच्याची यादी उतरवून घेतलेली. कुणी सांगितलं नव्हतं की हे आम्ही अमक्याच्या प्रबंधात वाचलं. प्रत्येकजण असा लिहीत होता, की जणू बोके त्याच्या शेजारी बसून वाचून दाखवतायत.

वरून पावलं जात होती, त्यांच्या सावल्या पानांवरून पोहत होत्या. मला वाटलं, असंच चालत राहावं, शेवटचा प्रबंध येऊच नये. पाणी प्यायचं निमित्त काढलं, शिंक काढली, एकदा तर दोन प्रबंधांची जागाही बदलून बघितली. तिने न बघता परत नीट लावली. चौकशीच ती.

“मामा, एक सांगू?” ती थांबली. “माझ्या मोजणीत वेगळंच आलं होतं. बेचाळीस रुग्ण, प्रत्येकाचे पाच दिवस. खिडकीजवळचे बारा मिनिटं कमी झोपले. जास्त नाही, कमी. मी तीनदा बेरीज केली. मग वाटलं, एवढे लोक जास्त म्हणतायत, म्हणजे माझंच चुकलं. म्हणून लिहून टाकलं, की हा फरक माझ्या मोजणीतल्या दोषामुळे असावा.”

मी एका प्रबंधाची शिवण चाचपत बसलो.

“वॉर्डात एक आजोबा होते. त्यांना झोप लागत नव्हती म्हणून आम्ही त्यांना मुद्दाम खिडकीशी हलवलं. तशी पद्धतच पडलीय आता. ते रोज म्हणायचे, पोरी, मला आतल्या खाटेवर ने, इथे उजाडायच्या आधीच डोळ्यांवर उजेड येतो. आणि मी त्यांना काय म्हटलं माहितेय? आजोबा, संशोधन सांगतं की इथेच चांगली झोप लागते.”

स्वप्नातला म्हातारा माझ्याकडे बघत होता, उताणा, डोळे उघडे. थट्टा करणाऱ्याला एक कळलं पाहिजे की थट्टा कुठे जाऊन बसते. मला बावीस वर्षं कळलं नव्हतं.

शेवटचा प्रबंध तिने उघडला. पान एकशे चार, संदर्भ पन्नास. त्याच्या मागे काही नव्हतं, नुसती भिंत. मग तिने पहिलं पान उलटलं, नाव वाचलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. ती हडकुळी, खिदळणारी मुलगी म्हणजे मोठ्या बाई होत्या.

मी शर्टातून पुस्तिका काढली आणि फरशीवर ठेवली. बोका सांगितला, गाईड सांगितला, एकोणपन्नास सांगितले, खिळ्यांचा डबाही सांगितला. ती ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तिका उचलली, दोन-चार पानं चाळली, ‘उशीला कान असतात’ पाशी थबकली, आणि मग विचारलं, “चाळीसच का?”

“जेवणाच्या सुट्टीत बघायचो ना मी. बोका खिडकीखाली तेवढाच वेळ झोपायचा.”

“म्हणजे एक बोका.”

“एकच.”

तिचे ओठ थरथरले. हसू होतं की रडू, मी आजपर्यंत विचारलेलं नाही. मी म्हटलं, पुस्तिका घेऊन जा, एवढा एक दिवस निभाव, पुढचं पुढे. हे मी म्हणालो, खोटं नाही सांगत. तिने ती माझ्या मांडीवर परत ठेवली.

“छापलेलं नसेल, नुसतं माणसाने तोंडी सांगितलेलं असेल, तर ते यादीत घालत नाहीत,” ती सावकाश म्हणाली, जणू अजूनही त्या नदीकाठाने चालत होती. “वाक्यातच कंसात लिहितात. कोणी सांगितलं, कधी सांगितलं. आणि त्या माणसाची लेखी परवानगी लागते.”

“कोण माणूस?”

तिने एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

हजारो लोकांच्या सह्यांची पानं मी शिवलीत. स्वतःची सही करताना हात एवढा जड होतो हे माहीत नव्हतं. कॉलेजने ठरवलं असतं तर फाटकापासचं दुकान दुसऱ्या दिवशी उठलं असतं. पण ते आजोबा डोळ्यांसमोरून हलेनात. केली सही. शांतताकाका तेवढ्यात जागे झाले आणि सवयीने म्हणाले, शांतता. आम्ही दोघंही एक शब्द बोलत नव्हतो.

गुरुवारी परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी बसलो. दार अर्धं उघडं होतं. आतून चौकशीचा आवाज येत होता, सपाट, पाठ केल्यासारखा. संदर्भ सतरा मी वाचलेला नाही. आधीच्या प्रबंधातून घेतला आणि तसं लिहिलं नाही, ही माझी चूक. माग काढत गेले. पहिला उल्लेख बावीस वर्षांपूर्वीच्या एका प्रबंधात आहे. असं पुस्तक अस्तित्वात नाही, हे त्या प्रबंधाच्या टंकलेखकाने मला काल सांगितलं, त्याची परवानगी सोबत जोडली आहे.

“प्रबंध कुणाचा?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“तुमचा, मॅडम.”

मग खुर्ची सरकली. मला आत बोलावणं आलं.

बाई आता हडकुळ्या राहिल्या नव्हत्या आणि खिदळण्याचा तर प्रश्नच नव्हता. मला वाटलं होतं, जोड्याने मारतील. त्या कितीतरी वेळ मला नुसतं न्याहाळत होत्या, लहानपणी पाहिलेलं एखादं झाड ओळखू येतंय का असं बघावं तसं.

“पास झाल्यावर दोन वर्षांनी मला एक पत्र आलं,” त्या म्हणाल्या. “बोके कुठे मिळतील म्हणून. तेव्हा पहिल्यांदा मी माझी यादी वाचली. पन्नासावा माझा नव्हता. माझे एकोणपन्नास होते, आणि ते सगळेच्या सगळे मी वाचले होते. पण सांगणार कुणाला? यादीखाली नाव माझं. तेव्हापासून जिथे जाते तिथे लायब्ररीत बोके शोधते. वेड लागल्यासारखं. कधी कधी वाटायचं, असेलही कुठेतरी, एखाद्या कपाटात.”

मी पिशवीतून पुस्तिका काढून त्यांच्यासमोर ठेवली. दुसरं काय करणार?

त्यांनी ती हातात घेतली, कडा चाचपल्या, एक्केचाळिसावं पान उघडलं. बराच वेळ वाचत होत्या. खिडकीतून ऊन त्यांच्या मनगटावर आलं होतं. त्या वेळात मी बावीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलीला बघितलं, दुकानाच्या दारात, ड्युटीला उशीर होतोय म्हणून एका पायावर नाचत, मामा, नीट करा हं, असं सांगणारी. नीट करा हं म्हणाली होती. मी विसरलो होतो.

पुस्तिका मिटून त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली आणि चौकशीकडे वळल्या. “बारा मिनिटं कमी. हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “मी मोजलं.” आणि तिने वह्या पुढे केल्या. बेचाळीस रुग्ण, खाटेचा आकडा, तारीख, वेळ, प्रत्येक ओळीला तिची सही. बाईंनी तासभर त्या वह्यांमधून एकेक ओळ विचारली. मी कोपऱ्यात उभा. पाय गेले, पण बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि मला मागायचा हक्क नव्हता.

शेवटी बाई म्हणाल्या, मोजणीतल्या दोषाचं ते वाक्य काढ. दोष तुझ्या मोजणीत नव्हता. सतरा नंबर काढ. एवढं दुरुस्त करून दे, पास आहेस. मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, “तुमच्याकडे डिंक असेल ना?”

तर अशी माझी शिक्षा. दुरुस्तीची चिठ्ठी मीच टाईप केली: ‘हा संदर्भ अस्तित्वात नाही.’ खाली माझं नाव, माझी सही. वॉर्डात एक प्रत गेली, आणि नऊ प्रबंधांत एकेक मी स्वतःच्या हाताने चिकटवली. रोज दुपारी एकच, घाई करायची नाही, असं मीच ठरवलं. डिंक सुकेपर्यंत पान धरून बसायचं, वरून पावलं जात असतात.

शेवटची चिठ्ठी चिकटवली त्या दुपारी खिडकीखाली कार्डांच्या कपाटावर एक पिवळं मांजर येऊन झोपलं. बोकेसाहेबांचा पणतू-बिणतू असेल. मी घड्याळ बघितलं. ते उठून गेलं तेव्हा पुन्हा बघितलं. तेवीस मिनिटं. खिशातून पेन्सिल आणि कागद काढून, चौकशीच्या वह्यांसारखे रकाने आखून लिहून ठेवलं, तारीख, वेळ, ऊन होतं की नाही. आणि पुढे, कुणी बघितलं त्या रकान्यात, स्वतःचं खरं नाव.